अनुवाद, प्रतिकृती आणि दानलेख : कलेतिहासाच्या जडणघडणीतील स्त्री-अभ्यासकांचे कार्य

प्रस्तावना

कलेतिहास या ज्ञानशाखेची वंशावळ आपल्या वर्गांतून सांगितली जाते ती बहुधा पुरुषांच्या नावांनीच. वासारी, विंकेलमान, व्योल्फलिन आणि भारतीय संदर्भात हॅवेल व आनंद कुमारस्वामी ही नावे ओघाने येतात. ती चुकीची नाहीत, परंतु अपुरी निश्चितच आहेत. १८४४ मध्ये बर्लिन विद्यापीठात गुस्ताव वागेन यांची कलेतिहासाचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली आणि या अभ्यासाला विद्यापीठीय प्रतिष्ठा लाभू लागली. त्या काळी स्त्रियांना विद्यापीठाचे दार बंद होते. त्यामुळे ज्या कामांना विद्वत्ता न म्हणता साहाय्य म्हटले जाई, म्हणजे अनुवाद, संपादन, प्रतिकृती तयार करणे, त्या वाटेने त्यांनी या क्षेत्रात प्रवेश केला. ही ‘दुय्यम’ कामे शास्त्राचा पाया कशी ठरली, याचा विचार प्रस्तुत लेखात मुख्यतः अजिंठ्याशी व भारतीय कलेशी संबंधित अभ्यासकांच्या आधारे केला आहे.

अनुवादाची वाट

वागेन यांनी ब्रिटनमधील कलासंग्रहांचे केलेले विस्तृत वर्णन १८५४ मध्ये तीन खंडांत इंग्रजी वाचकांसमोर आले, ते एलिझाबेथ ईस्टलेक यांच्या अनुवादामुळे. त्या आजही ‘लेडी ईस्टलेक’ या पतीच्या उपाधीनेच ओळखल्या जातात. त्यांच्याही आधी मेरी मेरिफील्ड यांनी चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराच्या तंत्रविषयक ग्रंथाचा १८४४ मध्ये अनुवाद केला. पुढे ब्रिटिश शासनाच्या वतीने उत्तर इटलीत जाऊन त्यांनी जुन्या हस्तलिखितांचा शोध घेतला आणि चित्रकलेच्या तंत्रावरील मूळ ग्रंथांचे दोन खंड १८४९ मध्ये प्रसिद्ध केले. चित्र कोणत्या द्रव्याने व कोणत्या क्रमाने घडते, हा प्रश्न शैलीच्या चर्चेइतकाच महत्त्वाचा आहे, हे या कार्याने दाखवून दिले.

क्रिस्टियाना हेरिंगहॅम आणि अजिंठा

हाच धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. क्रिस्टियाना हेरिंगहॅम (१८५२–१९२९) यांनी चेन्नीनीच्या ग्रंथाचा नवा इंग्रजी अनुवाद १८९९ मध्ये प्रसिद्ध केला. केवळ शब्दार्थावर विसंबून न राहता त्यांनी अंड्याच्या बलकात रंग कालवण्याची टेम्परा पद्धती स्वतः करून पाहिली. १९०३ मध्ये ब्रिटनमध्ये कलाकृती खरेदीसाठी जो राष्ट्रीय निधी स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांतही त्या होत्या. अशी प्रयोगशील अभ्यासक १९०९ ते १९११ या काळात अजिंठ्याच्या लेण्यांत प्रतिकृती करण्यासाठी आली, ही घटना मला कलेतिहासाच्या दृष्टीने फार मोलाची वाटते.

या कामाची निकड समजून घेण्यासाठी त्याआधीची हानी लक्षात घ्यावी लागते. रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून केलेल्या प्रतिकृतींचा मोठा भागही १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाला. भिंतींवरील मूळ चित्रांचीही पडझड चालूच होती. हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा हे तरुण चित्रकार होते. भगिनी निवेदितांच्या आग्रहावरून अवनींद्रनाथ टागोरांनी आपल्या शिष्यांना तेथे पाठविले होते. नंदलालांच्या पुढील चित्रांत अजिंठ्याच्या रेषेचा जो प्रत्यय येतो, त्यामागे या वास्तव्याचा वाटा आहे.

प्रतिकृती १९१५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. ग्रंथातील हेरिंगहॅम यांच्या निबंधात चित्रांच्या रचनाक्रमाचे निरीक्षण आहे. पांढऱ्या गिलाव्यावर आधी तांबड्या रंगाची ठळक रेषा, तिच्यावर हिरव्या मातीच्या रंगाचा पातळ थर, त्यातून खालची रेषा किंचित दिसत राहते. मग वस्तूंचे स्वतःचे रंग आणि अखेरीस काळ्या व तपकिरी रंगाने बाह्यरेषांना पुन्हा उठाव. हा क्रम नुसत्या पाहण्याने हाती येत नाही. भिंतीसमोर बसून तीच रेषा पुन्हा ओढणाऱ्यालाच तो उमगतो. म्हणून प्रतिकृती हे केवळ अनुकरण नसून एक संशोधनपद्धती होती, असे म्हणणे योग्य ठरेल. १९११ नंतर त्यांना मानसिक आजाराने ग्रासले आणि उर्वरित आयुष्य रुग्णालयांत गेले. त्यांचे नाव पुढे विस्मृतीत जाण्यास हेही एक कारण झाले असावे.

स्टेला क्रॅमरिश : ग्रंथ आणि मंदिर

व्हिएन्ना विद्यापीठातून १९१९ मध्ये डॉक्टरेट मिळविलेल्या स्टेला क्रॅमरिश (१८९६–१९९३) रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शांतिनिकेतनात आल्या आणि पुढे १९५० पर्यंत कोलकाता विद्यापीठात शिकवीत राहिल्या. विद्यापीठाचे दार येथे उघडले होते, तरीही त्यांच्या आरंभीच्या महत्त्वाच्या कामांत एक अनुवादच आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रविषयक भाग त्यांनी इंग्रजीत आणला. मूर्तिविद्या जाणण्यासाठी चित्र, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गीत जाणावे लागते, हा मार्कंडेय-वज्र संवाद आज सर्वांना परिचित आहे. त्याच ग्रंथात छायाकनाचे पत्रज, ऐरिक व बिंदुज असे तीन प्रकार सांगितले आहेत. हेरिंगहॅम यांनी डोळ्यांनी व हाताने जे टिपले, त्याची चर्चा करण्यासाठी या अनुवादाने परिभाषा पुरविली. अर्थात ग्रंथातील नियम अजिंठ्याच्या भिंतीला जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे. क्रॅमरिश यांनी १९३७ मध्ये दख्खनच्या चित्रकलेवर स्वतंत्र ग्रंथही लिहिला.

१९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदू मंदिरावरील त्यांच्या दोन खंडांनी वास्तुपुरुषमंडलाला विवेचनाच्या केंद्रस्थानी आणले. त्यांनी मंदिराला कालातीत प्रतीक मानले. ते कोणी, कोणत्या धनाने व कोणत्या सत्तेच्या छायेत बांधले, हे प्रश्न मात्र मागे राहिले. हा आक्षेप मला ग्राह्य वाटतो, पण त्यामुळे ग्रंथाचे महत्त्व उणावत नाही.

प्रश्नच बदलतो

मागे राहिलेले हे प्रश्न पुढे ऐरणीवर आणण्यातही स्त्री-अभ्यासकांचा मोठा वाटा आहे. १९७१ मध्ये लिंडा नॉक्लिन यांनी थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत, असा प्रश्न उपस्थित करून त्या प्रश्नाचीच मांडणी तपासली. स्त्रियांना नग्न प्रतिमानावरून रेखाटनाचा अभ्यास करू दिला जात नव्हता. तो नसेल तर इतिहासचित्र हा सर्वोच्च मानलेला प्रकार त्यांच्या आवाक्याबाहेरच राहणार. म्हणजे उत्तर प्रतिभेत नसून संस्थांत होते. भारतात मुंबईच्या देवांगना देसाई यांनी १९७५ च्या ग्रंथात मंदिरांवरील कामशिल्पांचे स्पष्टीकरण केवळ अध्यात्माच्या परिभाषेत न करता ती कोरविणाऱ्या सामंती आश्रयदात्यांच्या समाजात शोधले.

पश्चिम भारतातील बौद्ध लेण्यांच्या कालक्रमावर १९७२ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या विद्या दहेजिया यांनी पुढे दानलेखांकडे लक्ष वेधले. आरंभीची बौद्ध स्मारके राजांच्या औदार्यावर नव्हे, तर गृहस्थ, कारागीर, व्यापारी, गृहिणी व भिक्षुणी यांच्या लहानमोठ्या दानांवर उभी राहिली, असे त्यांनी दाखविले. कलाकाराचे नाव उपलब्ध नसलेल्या आपल्या परंपरेत स्त्रीचा सहभाग शोधण्याचा हा मार्ग अधिक फलदायी आहे, असे वाटते. नाशिकच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचे दानलेख आहेत आणि ते आपण आवर्जून शिकवितो. त्याच लेण्यात त्याची पत्नी, क्षत्रप नहपानाची कन्या दक्षमित्रा हिने खोली दान केल्याचाही छोटासा लेख कोरलेला आहे.