उपास आणि उपासमार

श्रोतेहो, अंगातला ताप मोजावयास तापमापक आहे, धान्य मोजावयास तराजू आहे; परंतु एखाद्या घरची भूक मोजावयाची झाल्यास कोणते माप लावावे? प्रश्न पोरकट वाटेल खरा, पण सोप्या प्रश्नापासून आरंभ करण्याची मास्तरकीची खोड निवृत्तीनंतरही सुटत नाही.

मी नवी मुंबईत राहतो. येथे तुर्भे-वाशीच्या सीमेवर कृषि उत्पन्न बाजार समितीचा विस्तीर्ण बाजार आहे. कांदाबटाटा, भाजीपाला, फळे, मसाले आणि धान्य यांचे तेथे पाच निरनिराळे बाजार असून, मुंबईच्या स्वयंपाकघरांचा मोठा भार त्यांच्यावरच आहे. पहाटे मालमोटारींची रांग पाहिली, तर या नगरात कोणी अर्धपोटी निजत असेल हे खरे वाटावयाचे नाही. तरीही जवळच्याच वस्त्यांत महिन्याची वीस तारीख उलटली, की वाण्याकडील उधारीची वही जाड होऊ लागते. बाजारात अन्न असणे आणि घरात अन्न येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाचा विचार करून अमर्त्य सेन यांनी १९८१ साली हेच विस्ताराने मांडले.

पूर्वीचे माप उष्मांकांचे होते. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी माणशी रोजचे २,२५० उष्मांक हे प्रमाण धरून दारिद्र्याची रेषा आखली. त्यास हरकत घेतली ती सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेल्या पां. वा. सुखात्मे यांनी. हे गृहस्थ रोम येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सुमारे दोन दशके संख्याशास्त्राची धुरा वाहून पुण्यास परतले होते. त्यांचे म्हणणे असे, की एकाच माणसाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते. म्हणून सरासरीच्या खाली जो जो आढळला तो तो उपाशी, असे मोजणे चूक होय. हा वाद बराच काळ चालला. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या माणसास त्यातील गणित पुरते उलगडले असे मी म्हणणार नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात येते. उद्या चूल पेटेल की नाही, ही चिंता उष्मांकांच्या कोष्टकात कोठेच मांडता येत नाही.

म्हणून पुढे निराळा मार्ग निघाला, आणि तो अगदी साधा आहे: घरच्या माणसांनाच विचारावे. अमेरिकेत १९९५ पासून अशी मोजणी होऊ लागली, आणि अन्न व शेती संघटनेने २०१४ पासून आठ प्रश्नांची पट्टी अनेक देशांत वापरावयास घेतली. गेल्या वर्षभरात अन्न पुरणार नाही अशी चिंता वाटली काय? सकस अन्न घेता आले नाही असे झाले काय? तेच ते मोजके पदार्थ खावे लागले काय? एखादे जेवण टाळावे लागले काय? पोटास हवे त्याहून कमी खाल्ले काय? घरातील अन्न संपले काय? भूक असूनही जेवला नाहीत असे घडले काय? आणि शेवटी, सबंध दिवस अन्नावाचून गेला काय? ही उतरण सामान्यतः याच क्रमाने लागते. आधी काळजी शिरते; मग दूध व फळे जातात, आमटी पातळ होते; त्यानंतर ताटातील भाकरी कमी होते. ती बहुधा आईच्या ताटातील प्रथम कमी होते, म्हणून हे प्रश्न रांधणाऱ्या बाईस, तेही एकांतात, विचारणे बरे.

प्रत्येक प्रश्नाला ‘पैशाच्या वा इतर साधनांच्या अभावी’ ही पुस्ती अवश्य जोडलेली असते. आपल्याकडे तर ती फारच हवी. एरवी एकादशी-संकष्टी पाळणारी निम्मी घरे उपाशी ठरावयाची! उलट प्रकारही घडतो, आणि तो अधिक दुःखद आहे. १९८६ च्या सुमारास ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका शाळेत मी पाचवीस शिकवीत असे. एक मुलगा डबा आणीत नसे. ‘सर, आज उपास आहे’ असे सांगे. मी सर्व वर्गासमोर त्याच्या निष्ठेची वाखाणणी केली. पुढे कोणी सांगितले, की त्याच्या वडिलांचे काम सुटून चार महिने झाले होते. त्याचे उपास नेहमी महिन्याच्या अखेरच्या आठवड्यातच पडत, हे माझ्या तोवर ध्यानातच आले नव्हते.

आता कारणांकडे वळू. शहरात मिठापासून पाण्यापर्यंत सारे विकत घ्यावे लागते. खोलीचे भाडे, गॅसची टाकी, गाडीभाडे ही थांबत नाहीत. आखडता येतो तो एकटा जेवणाचा खर्च. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुरास पावसाळ्यात काम कमी मिळते, आणि घरात एक दुखणे आले की मजुरी बुडून औषधाचा खर्चही अंगावर पडतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, व २०२३ पासून ते विनामूल्य आहे. ही मदत खचित मोठी आहे. परंतु हिशेब करून पाहा: अंगमेहनत करणारा प्रौढ माणूस रोज साडेचारशे ग्रॅम धान्य खाईल, तर ५ किलो अकराच दिवस पुरते. शिवाय महाराष्ट्राने या कायद्यासाठी शहरात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठेविली, म्हणजे महिन्यास पाच हजारांच्याही आत. त्याहून थोडे अधिक मिळविणारे कुटुंब यादीबाहेर राहते. शिधापत्रिका गावाकडे असली तरी आता धान्य येथे उचलता येते. मात्र त्यासाठी यंत्रावर अंगठा उमटावा लागतो, आणि सिमेंट कालवून झिजलेला अंगठा पुष्कळदा पहिल्या खेपेस उमटत नाही.