ब्रायन लेनिहान : घराण्याचं नाव आणि एका रात्रीची सही

बापाच्या मागून मुलगा निवडणुकीला उभा राहतो, यात आपल्याला काही नवल नाही. पण मुलाच्या मागून बाप? आयर्लंडमध्ये तसं घडलं, बरं का! तिथल्या लोकसभेला 'डॉल' म्हणतात. ब्रायन लेनिहान १९६१ साली डॉलमध्ये गेले आणि त्यांचे साठी उलटलेले वडील पॅट्रिक निवडून आले १९६५ साली! पुढे १९८७ मध्ये ब्रायन आणि त्यांची बहीण मेरी ओ'रूर्क एकाच मंत्रिमंडळात बसले. सख्खे भाऊ-बहीण एकत्र मंत्री, हेही त्या देशात पहिल्यांदाच.

आपली गोष्ट आहे ती या ब्रायन यांच्या मुलाची. त्याचंही नाव ब्रायनच! १९५९ साली जन्मलेले धाकटे ब्रायन भारी हुशार. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आणि केंब्रिजला कायदा शिकले, मग ट्रिनिटीतच शिकवू लागले. १९९५ मध्ये वडील वारले. १९९६ च्या पोटनिवडणुकीत डब्लिन पश्चिमची तीच जागा त्यांनी जिंकली. २००२ मध्ये मुलांच्या प्रश्नांचे राज्यमंत्री, २००७ मध्ये न्यायमंत्री आणि मे २००८ मध्ये थेट अर्थमंत्री.

वेळ मात्र वाईट होती. बँकांनी बिल्डरांना वारेमाप कर्जं दिली होती. घरांच्या किमती कोसळल्या, कर्जं बुडू लागली. २९ सप्टेंबर २००८ च्या रात्री बँकांचे बडे अधिकारी सरकारच्या दारात आले. आमची अडचण तात्पुरती आहे, म्हणाले. मंत्र्यांना झोपेतून उठवून फोनवरच संमती घेतली गेली. सकाळी जाहीर झालं की सहा बँकांची हमी सरकार घेतंय. रक्कम? सुमारे ४४० अब्ज युरो! म्हणजे देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त.

अडचण तात्पुरती नव्हतीच. बँका सावरायला सरकारचे सुमारे ६४ अब्ज युरो गेले. पगार कापले गेले. मुलांसाठी आईबापांना मिळणारा भत्तासुद्धा कमी झाला, आणि तो कमी करणारे एकेकाळचे मुलांचे मंत्री! नोव्हेंबर २०१० मध्ये ८५ अब्जांच्या मदत-योजनेसाठी युरोपपुढे आणि नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला. मला विचाराल तर इतकी सरसकट हमी द्यायला नको होती. पण त्या रात्री हाती पुरती माहितीही नव्हती, हेही खरं.

त्यातच डिसेंबर २००९ मध्ये त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचं कळलं. खुर्ची सोडली असती तर कोणी बोल लावला नसता. पण उपचार घेत घेत ते अर्थसंकल्प मांडत राहिले.

फेब्रुवारी २०११ च्या निवडणुकीत लोकांनी राग काढला. त्यांचा फियाना फॉल पक्ष ७८ वरून २० जागांवर आला. आत्या मेरी हरल्या, भाऊ कॉनर हरले. अख्ख्या डब्लिनमध्ये पक्षाची एकच जागा वाचली, ती ब्रायन यांची. त्याच मतदारसंघातून विरोधी पक्षाचे लिओ वराडकरही निवडून आले होते. होय, मालवण तालुक्यातल्या वराड गावचं मूळ असलेले, २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झालेले तेच!

१० जून २०११ रोजी ब्रायन गेले. वय अवघं ५२. ऑक्टोबरात त्यांच्या जागेसाठी पुन्हा पोटनिवडणूक झाली. या वेळी मतपत्रिकेवर लेनिहान हे नाव नव्हतं.