बाळाच्या मेंदूचा ब्रेक

समजा, घरात बाळ आलंय. पेढे वाटून झालेत. आणि तिसऱ्या दिवशी त्याला फिट येते. मग पुन्हा येते. सगळे हादरलेत, पण आजी म्हणते, "याच्या बापालाही असंच व्हायचं. चार महिन्यांत थांबलं."

आजीला उडवून लावू नका. (डॉक्टर मात्र लगेच गाठा!) अशा एका कुटुंबाची नोंद ऑस्ट्रियाचे डॉ. आंद्रेयास रेट आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६४ मध्येच केली होती. कारण सापडायला १९९८ उजाडलं. केसीएनक्यू-२ आणि केसीएनक्यू-३ नावाच्या जीन्समध्ये बिघाड होता. ही जीन्स न्यूरॉनमधला पोटॅशियम चॅनेल बनवतात. चॅनेल म्हणजे पेशीच्या आवरणातलं बारीकसं दार. ते उघडलं, पोटॅशियम बाहेर पडलं, की खवळलेला न्यूरॉन शांत होतो. थोडक्यात, ब्रेक.

आता खरी गंमत. बिघडलेलं जीन तर जन्मभर तसंच राहतं. मग फिट्स थांबतात कशा?

तुमच्या-माझ्या मेंदूला शांत ठेवणारं मुख्य रसायन म्हणजे गाबा. पण उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की, कोवळ्या न्यूरॉनमध्ये क्लोराइड जास्त असतं आणि त्यामुळे तिथे गाबा उलटाच वागतो, पेशीला चेतवतो! म्हणजे अगदी सुरुवातीला सगळी भिस्त या पोटॅशियम चॅनेलवर. त्यात एका पालकाकडून आलेली प्रत खराब असेल, तर ब्रेक अपुरा पडतो. पुढे गाबा सुधारतो, पोटॅशियम चॅनेल्सची संख्या वाढते, इतर प्रकारचेही येतात. मग उरलेल्या चांगल्या प्रतीवर भागतं.

सगळ्यांचंच भागत नाही. एक चॅनेल चार तुकडे जुळून बनतो. काही बिघाडांत खराब तुकडा चांगल्या तुकड्यांनाही निकामी करतो. अशा बाळांच्या फिट्स कमी झाल्या तरी बसणं, बोलणं मागे पडू शकतं. म्हणून जीनची तपासणी महत्त्वाची. कारण कळलं, तर सोडियम चॅनेल रोखणारं कार्बामाझेपिनसारखं जुनं औषधही अनेकदा छान काम करतं.

नेमका हाच पोटॅशियम चॅनेल उघडणारं रेटिगॅबिन हे मोठ्यांसाठीचं औषध बाजारात आलं होतं. पण त्याने काहींची त्वचा निळसर पडली, डोळ्यांच्या पडद्यावरही डाग दिसले. २०१७ मध्ये ते बंद झालं. तसंच काम करणारं, पण सुरक्षित औषध शोधणं सुरू आहे. फार्मसीवाल्यांनो, ऐकताय ना?