शाळेचं झाड, झाडाची शाळा

दोस्तांनो, दिवाळीच्या आसपास संध्याकाळी रस्त्यानं जाताना एकदम उग्र-गोड वास नाकात शिरतो, आठवतंय? कुणाला तो आवडतो, कुणाचं डोकं दुखायला लागतं! वर बघितलंत तर हिरवट-पांढऱ्या फुलांचे गुच्छ दिसतील. ही सातवीण, म्हणजेच सप्तपर्णी. फांदीवर गोल चक्रासारखी पानं येतात, बहुतेक वेळा सात. (मोजून बघा. कधी पाच-सहाही सापडतील. झाडाला कुठं अंकगणित येतं!)

शास्त्रीय नाव 'अल्स्टोनिया स्कोलॅरिस'. यातल्या 'स्कोलॅरिस'चं नातं थेट शाळेशी, बरं का! पूर्वी या झाडाच्या हलक्या लाकडापासून मुलांच्या लिहिण्याच्या पाट्या करत, म्हणून हे नाव.

अशा या शाळकरी झाडाशेजारी एक खरीखुरी शाळा आहे. पश्चिम बंगालमध्ये, शांतिनिकेतनात.

पूर्वी तिथं बीरभूमचा उजाड माळ होता. तांबडी माती, पावसानं कोरलेल्या घळी आणि सातविणीची दोन झाडं. बंगालीत त्यांना 'छातिम' म्हणतात. रवींद्रनाथ टागोरांचे वडील देवेंद्रनाथ त्यांच्या सावलीत बसले आणि जागेच्या प्रेमातच पडले. १८६३ मध्ये त्यांनी ती जमीन कायमच्या पट्ट्यानं घेतली, वर्षाला पाच रुपये देऊन! ते ध्यानाला बसत ती जागा म्हणजे 'छातिमतला'.

पुढे २२ डिसेंबर १९०१ ला रवींद्रनाथांनी इथं शाळा काढली. विद्यार्थी किती? फक्त पाच! त्यांत एक त्यांचाच मुलगा, रथींद्रनाथ. भिंतींत कोंडलेली शाळा रवींद्रनाथांना लहानपणी कधीच आवडली नव्हती, म्हणून इथले वर्ग भरू लागले झाडांखाली. ते आजही भरतात. आता शाळेचं नाव 'पाठभवन'. मुलं आपापलं आसन घेऊन येतात, आंब्याच्या नाहीतर बकुळीच्या सावलीत गोल करून बसतात. शिक्षकांच्या नावापुढे 'दा', बाईंच्या नावापुढे 'दी' लावायचं, 'सर' वगैरे नाही. आणि पाऊस आला की? उचला आसनं! (हेवा वाटला ना?) नोबेल मिळवणारे अमर्त्य सेन याच शाळेचे विद्यार्थी. आपले पु. ल. देशपांडेसुद्धा बंगाली शिकायला शांतिनिकेतनात राहिले होते, त्यातूनच त्यांचं 'वंगचित्रे' आलं.

१९२१ मध्ये शाळेच्या जोडीला विश्वभारती विद्यापीठ आलं. तिथं एक सुंदर रीत पडली. पदवी घेणाऱ्याला पदवीबरोबर सप्तपर्णीची पानं द्यायची. सोन्याचं पदक नको, पण ते पान हवं, असं वाटावं इतकं त्याचं मोल!

पण हिशेब करून बघा. पाच-पन्नास मुलं असताना ठीक. शेकड्यांनी पदव्या मिळू लागल्या, तेव्हा तेवढी पानं आणायची कुठून? पानं ओरबाडून झाडांचे हाल होऊ लागले. ज्या झाडाचा एवढा मान, त्यालाच त्या मानाचा त्रास! अखेर रीत बदलली आणि समारंभात सगळ्यांच्या वतीनं एकच पान देण्याघेण्याची पद्धत आली. आपल्या हातात पान पडलं नाही, याची रुखरुख कितीतरी जणांना लागली असेल. मला मात्र हा बदल पटतो. पान खिशात वाळून जातं, फांदीवरचं पान झाडाला जेवू घालतं.

देवेंद्रनाथांच्या वेळची ती दोन झाडं आता नाहीत, वय होऊन गेली. त्यांच्या जागी पुन्हा दोन छातिमच लावले. भोवती कुंपण आहे, एरवी कुणालाही आत जाऊ देत नाहीत. सात पौषाला मात्र तिथं सकाळची प्रार्थना होते.

झाड गेलं तर नवं लावायचं, हे इथल्या मुलांना सांगावं लागत नाही. रवींद्रनाथांनी १९२८ मध्ये वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला, तो आजही पावसाळ्यात होतो. मुलं-मुली नटूनथटून, गात-नाचत मिरवणूक काढतात. मधोमध सजवलेली पालखी. आत डोकावून बघाल तर ना देव, ना नवरी! पालखीत ऐटीत बसलेलं असतं एक इवलंसं रोपटं.