अठराव्या वर्षाचे एकटेपण

मी मराठी शिकवतो आणि फ्रेंच मला येत नाही. तेव्हा फ्रेंच गाण्यांच्या तबकडीवर लिहिण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, असे वाचकांनी विचारले तर ते रास्तच होईल. माझ्या बाजूने एवढेच सांगता येईल, की ही बारा गाणी मी भाषांतर शेजारी ठेवून इतक्या वेळा ऐकली आहेत, की सुरुवातीची गिटार वाजू लागली की आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणतात, "आली वाटतं तुमची ती उदास मुलगी!"

त्या उदास मुलीचे नाव फ्रान्स्वाज आर्दी. तबकडी १९६२ सालची, तेव्हा तिचे वय १८. तबकडीच्या वेष्टनावर केवळ गायिकेचे नाव होते. पुढे सर्वांत गाजलेल्या गाण्यावरून लोक त्या तबकडीलाच 'तू ले गार्सों ए ले फीय', म्हणजे 'सगळे मुलगे आणि मुली', असे म्हणू लागले.

फ्रान्स्वाज १७ जानेवारी १९४४ रोजी पॅरिसमध्ये जन्मली. शहरावर तेव्हा जर्मनांचा अंमल होता. वडील घरी क्वचितच येत. आईने नोकरी करून दोन मुली वाढवल्या. आणि आजी? नातीला उठताबसता 'तू दिसायला बरी नाहीस' असे ऐकवणारी आजी काही आपल्याकडेच असते असे नाही. पुढे जिच्या छायाचित्रांनी मासिकांची पाने भरली, ती मुलगी स्वतःला कुरूप समजत वाढली. शालान्त परीक्षा पास झाल्याबद्दल वडिलांनी बक्षीस देऊ केले, तेव्हा रेडिओ मागावा की गिटार, असा तिला प्रश्न पडला. तिने गिटार मागितली. दोनचार स्वर-मेळ हाती बसताच ती गाणी रचू लागली.

त्या काळी फ्रान्समधल्या तरुण पोरांना अमेरिकन नाचगाण्याचे वेड लागले होते. 'सालू ले कोपँ' या नावाचा रेडिओ-कार्यक्रम १९५९ पासून रोज शाळा सुटल्यावर लागे. त्यात वाजणारी बरीचशी गाणी अमेरिकन चालींवर फ्रेंच शब्द बसवून केलेली असत. आर्दीची पहिली छोटी तबकडी निघाली, तेव्हा 'व्होग' या तिच्या कंपनीनेही भर दिला तो अशाच एका उसन्या गाण्यावर. लोकांनी मात्र निवडले तिचे स्वतःचे गाणे.

हे घडले कसे, ते ऐकण्यासारखे आहे. २८ ऑक्टोबर १९६२ रोजी फ्रान्समध्ये सार्वमत होते: राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा की नाही? दूरचित्रवाणीची वाहिनी तेव्हा देशात एकच. निकालाची वाट पाहत घरोघरी माणसे पडद्यासमोर बसलेली, आणि मधल्या रिकाम्या वेळात ही उंच, शेलाटी मुलगी येऊन गाऊन गेली. माझ्या वयाची सगळी जोडीजोडीने हिंडत आहेत आणि मी तेवढी एकटी, एवढाच त्या गाण्याचा आशय. राष्ट्राच्या भवितव्याचे आकडे जमवायला बसलेल्या आईबापांना शेजारच्या खोलीतल्या आपल्या मुलीचे मन ऐकू आले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. पाहता पाहता त्या गाण्याच्या लाखो प्रती खपल्या.

बारांपैकी दहा गाण्यांचे शब्द तिचे स्वतःचे आहेत. मला यातच सारे काही दिसते. आपल्या भावगीतांत कवी एक, संगीतकार दुसरा, गाणारी तिसरी; 'सखी'चे विरहदुःख पुष्कळदा पुरुषानेच लिहायचे. बाईचे स्वतःचे शब्द ऐकायचे तर जात्यावरच्या ओवीकडे जावे लागते. फ्रान्समध्येही तरुण गायिकांचे चालले होते ते असेच. त्याची किंमत काय पडू शकते, हे फ्रान्स गालच्या हकिगतीवरून कळते. १९६६ मध्ये सर्ज गेन्सबूर या नामांकित गीतकाराने १८ वर्षांच्या या मुलीला गोळ्या चोखण्याचे एक गोजिरवाणे गाणे दिले. गाण्यात दुसरा, चावट अर्थ होता. सगळ्यांना तो कळला आणि जी गात होती तिलाच कळला नव्हता. कळल्यावर ती लाजेने कोमेजून गेली. कोट्यांचे कौतुक मलाही आहे. पण ही कोटी मला हलकट वाटते.

आर्दीला असे कोणी फसवू शकत नव्हते, कारण तिच्या तोंडी तिचेच शब्द होते. ते शब्द थोर काव्य आहेत असे मी म्हणणार नाही. वर्गातल्या मुलीच्या वहीच्या शेवटच्या पानावर असतात तसे साधे, कधी कधी तेच ते. परंतु 'एकटी आहे' असे म्हणताना ती अश्रू ढाळत नाही की लाडात येत नाही. पावसाची बातमी सांगावी तशी सांगते. 'ल ताँ द लामूर' हे तबकडीतले ठसकेबाज गाणे मात्र तिने लिहिलेले नाही. त्याची चाल झाक द्युत्राँ याची. याच द्युत्राँशी तिने १९८१ मध्ये लग्न केले!

स्वतः आर्दीला ही तबकडी पुढे आवडेनाशी झाली. वादन सुमार, ध्वनिमुद्रण घाईचे, अशी तिची तक्रार. १९६४ पासून ती लंडनला जाऊन मोठ्या वाद्यमेळासह गाऊ लागली. ती गाणी निश्चित अधिक घोटीव आहेत. तरी ११ जून २०२४ रोजी ती गेल्याचे वाचले, तेव्हा रात्री मी लावली ती ही जुनीच, बारा गाण्यांची. गिटार, थोडासा ठेका आणि मागे जवळजवळ रिकामी खोली. स्वयंपाकघरातून त्या दिवशी कोणी काही बोलले नाही.