टक्कल पडले; दाढी ठेवावी का?

ऐन पंचविशी-तिशीत कपाळ मागे सरकू लागले, की तरुणाची पहिली धडपड असते ती ते लपविण्याची. बाजूचे केस वाढवून माथ्यावर ओढून घेतले जातात, तेले बदलली जातात, स्थळासाठी पाठवायच्या छायाचित्रात कॅमेऱ्याचा कोन सांभाळला जातो. हे उपाय थकले, की आरशासमोर नवा प्रश्न उभा राहतो : डोक्यावर केस नाहीत, तर निदान चेहऱ्यावर असावेत का?

या प्रश्नात निसर्गाने केलेली एक थट्टा दडलेली आहे. पुरुषांतील आनुवंशिक टक्कल आणि दाढी ही दोन्ही डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या एकाच संप्रेरकाची करणी. गाल-हनुवटीवरील केशमुळे त्याच्या प्रभावाने जाड केस देतात. माथ्यावरची मुळे मात्र त्याच संप्रेरकामुळे आकसत जातात. वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण काढलेले असतात त्यांना टक्कल पडत नाही, पण टेस्टोस्टेरॉन दिल्यास घराण्यात टक्कल असलेल्यांना ते पडू लागते, हे अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिले. तेव्हा टक्कल म्हणजे पौरुषाची उणीव नव्हे. आणि काही जण अभिमानाने सांगतात तसा त्याचा अतिरेकही नव्हे. संप्रेरकाचे प्रमाण बहुधा सामान्यच असते, फरक असतो तो मुळांच्या संवेदनशीलतेत. म्हणूनच टक्कल असलेल्या प्रत्येकाची दाढी दाट येईलच, असे नाही.

दाढीआधी निर्णय करावा लागतो तो डोक्याचा. अल्बर्ट मॅनेस यांच्या २०१२ मधील अमेरिकी अभ्यासात काही पुरुषांच्या छायाचित्रांतून संगणकाद्वारे केस काढून टाकण्यात आले. पाहणाऱ्यांना तेच पुरुष अधिक प्रभावी, उंच आणि बलवान वाटले. विरळ केस जपत बसण्यापेक्षा ते पूर्ण उतरविणे बरे, हे केशकर्तनालयातला अनुभवी कारागीरही सांगतो. माथ्यावर चार बटा ओढलेल्या आणि खाली डौलदार दाढी, हा प्रकार तर सर्वांत केविलवाणा.

डोके तासले, की चेहऱ्याचा सारा भार वर, कपाळाकडे जातो. आखूड दाढी तो खाली आणते आणि जबड्याला रेषा देते. गोल चेहऱ्यावर गालाचे केस आखूड व हनुवटीचे किंचित लांब शोभतात. लांबट चेहऱ्याला नेमके हेच टाळावे लागते. कानाजवळ दाढी एकदम तुटू न देता हळूहळू विरळ करीत नेली, तर चेहऱ्यावर मुखवटा चढविल्यासारखे दिसत नाही. गालावर रिकामे ठिपके असतील, तर फ्रेंच कट किंवा नुसती मिशी बरी. टिळकांच्या काळातील महाराष्ट्रात पगडीखाली तासलेले डोके आणि ओठावर भरदार मिशी हे सर्रास दिसणारे रूप होते. पुढे गांधीजींनी मिशी ठेवली, नेहरू गुळगुळीत राहिले. टक्कल दोघांनाही होते आणि कोणाचे काही अडले नाही.

दाढीत पांढरे केस लवकर दिसू लागले, तर वय एकदम वाढल्यासारखे वाटते. कलप लावायचा, तर आधी त्वचेच्या लहानशा भागावर तो लावून दोन दिवस वाट पाहावी. त्यातील पीपीडी या रसायनाची अनेकांना ॲलर्जी असते. केस गोलाकार ठिपक्यांनी जात असतील, तर ती चाई असू शकते. ती दाढीतही पडते. अशा वेळी न्हाव्याआधी त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. श्वसनासाठी घट्ट बसणारा मुखवटा वापरणाऱ्या अग्निशामक जवानांना तर हा पर्यायच नसतो, कारण दाढीमुळे कडेने हवा आत शिरते.

इतरांनी महिनाभर दाढी वाढवून पाहावी. दुसऱ्या आठवड्यात खाज सुटते आणि बहुतेक जण तिथेच वस्तरा उचलतात. चार आठवडे निघाले, की दाट कुठे आणि विरळ कुठे, हे स्पष्ट दिसते. नाही आवडले, तर दहा मिनिटांत चेहरा पूर्ववत होतो. केशरोपणाच्या खर्चिक शस्त्रक्रियेबाबत ही सोय नाही.