नदीतील मैलापाण्याचा इशारा आणि वैद्यांचे कर्तव्य

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाची कारणे सांगताना वायू, देश आणि काल यांच्या बरोबरीने उदकाची दुष्टी वर्णिली आहे. गंध, वर्ण, रस व स्पर्श यांची विकृती हे तिचे लक्षण होय. परंतु शहरी नदीत इंद्रियांना बिघाड जाणवण्यापूर्वीच अपाय घडू शकतो. म्हणूनच मैलापाणी नदीत सुटताच ते जाहीर करण्याची पद्धत इंग्लंडमध्ये रूढ झाली. ती आपण समजून घेणे उपयुक्त ठरेल.

लंडनच्या बऱ्याच भागात पावसाचे पाणी व मैलापाणी एकाच वाहिनीतून वाहते. अतिवृष्टीत हे पाणी घरांत उलटू नये म्हणून ते टेम्स नदीत सोडले जाते. टेम्स वॉटर कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये अशा ठिकाणांचा नकाशा लोकांसाठी खुला केला. पर्यावरण अधिनियम २०२१ नुसार २०२५ पासून इंग्लंडमधील कंपन्यांना असा विसर्ग सुरू झाल्यावर तासाभरात जाहीर करावा लागतो.

हा इशारा विसर्गाचे स्थान, वेळ व कालावधी सांगतो. पाण्यात कोणते जंतू किती आहेत, हे सांगत नाही. तसेच इशारा नाही म्हणून पाणी निर्दोष, असाही निष्कर्ष काढू नये.

वैद्यांच्या दृष्टीने यातील तारीख सर्वांत मोलाची. अतिसार काही तासांत वा दिवसांत प्रकट होतो. लेप्टोस्पायरोसिसला २ दिवसांपासून ४ आठवडे, तर ए किंवा ई विषाणूजन्य कावीळ दिसण्यास २ आठवड्यांपासून २ महिनेही लागू शकतात. तोपर्यंत रुग्ण पुराच्या पाण्यातून चालल्याचे विसरलेला असतो. म्हणून इतिहास घेताना मागील दोन महिन्यांतील जलसंपर्क आवर्जून विचारावा आणि संशय येताच रक्ततपासणी व रुग्णालयीन उपचार यांस विलंब करू नये.

पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत किती क्युसेक पाणी सोडले, हे पुणेकरांना कळते. तो इशारा पाण्याच्या पातळीचा असतो, शुद्धतेचा नव्हे. मैलापाण्याचीही अशीच वर्दी मिळावी, ही मागणी वैद्यवर्गाने करावी, असे आम्हांस वाटते.

औषधालयांच्या चालकांनीही दक्ष असावे. ब्राह्मी, मंडूकपर्णी व वेखंड ओलसर जागी वाढतात. त्यांचे संकलन नाल्याकाठी झाले नाही ना, हे पुरवठादारास विचारावे आणि जंतू व जड धातू यांची तपासणी करूनच माल स्वीकारावा. ज्या उदकापासून रुग्णास जपावयाचे, तेच औषधातून त्याच्या पोटात जाता कामा नये.